कामांची यादी आणि माणसांची भीड

२ जून १९४७ हा सोमवार होता. दिल्लीत व्हाइसरॉय माउंटबॅटन यांनी त्या दिवशी सकाळी काँग्रेस, मुस्लिम लीग आणि शीख पुढाऱ्यांपुढे फाळणीची योजना ठेवली. त्यानंतर गांधीजी त्यांना भेटायला आले. दिवस इतका मोठा, पण सोमवार हा गांधीजींच्या मौनाचा वार. ते बोलले नाहीत. वापरलेल्या पाकिटांच्या पाठकोऱ्या बाजूंवर त्यांनी आपलं म्हणणं लिहून व्हाइसरॉयच्या हाती दिलं. मौनाचा नियम करतानाच आपण दोन अपवाद राखून ठेवले होते, हेही त्यांनी त्या टिपणांत सांगितलं. उच्चपदस्थांशी तातडीचं बोलणं हा एक, आणि आजाऱ्याची शुश्रूषा हा दुसरा. पहिला अपवाद त्या दिवशी त्यांना सहज वापरता आला असता. त्यांनी तो वापरला नाही.

हा मौनवार सुरू कसा झाला, हे त्यांनी १९४२ च्या जूनमध्ये सेवाग्रामला आलेल्या लुई फिशर या अमेरिकन पत्रकाराला मोकळेपणाने सांगितलं होतं. सततचे प्रवास, सभा, वाटेत गाठणारी माणसं, त्यांचे प्रश्न आणि गाऱ्हाणी यांत त्यांची ओढाताण होत होती आणि आठवड्यातला एक दिवस विसावा हवा होता. आध्यात्मिक अर्थ त्याला मागाहून चढला, असं ते स्वतःच म्हणाले.

कामांची आणि व्यत्ययांची स्वतःपुरती व्यवस्था कशी लावावी, या विषयावर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पुष्कळ लिहिलं गेलं. पुस्तकं आली, ॲप आली, रकाने आखलेल्या महागड्या डायऱ्या आल्या. या सगळ्या साहित्यात मला जे फार थोडं सापडतं, ते या मौनवारात आहे. गांधीजींचा सोमवार त्यांचा एकट्याचा नव्हता. आश्रमातल्या पोराटोरांपासून व्हाइसरॉयपर्यंत सगळ्यांना तो माहीत होता. वार ठरलेला होता, अपवाद आधीच ठरलेले होते, आणि त्यामुळे दर सोमवारी नव्याने मनाचा हिय्या करून कुणाला नकार द्यावा लागत नव्हता. कामाची व्यवस्था हा माणसाने स्वतःशी केलेला खासगी निश्चय आहे असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं असं, की ती मुळात आजूबाजूच्या माणसांशी केलेली बोली आहे. ती बोली झालेली नसेल, तर उत्तमातली उत्तम वहीसुद्धा महिनाभराच्या आत कपाटात जाते.

पण आधी वहीची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती खरी आहे.

बर्लिनमध्ये कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करणाऱ्या ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. पुरी झालेली कामं माणूस विसरतो आणि मध्येच तोडलेली कामं त्याच्या जास्त लक्षात राहतात, असा त्यांच्या प्रयोगांचा निष्कर्ष होता. स्मरणाबद्दलचा हा निष्कर्ष पुढच्या प्रयोगांत दरवेळी टिकला नाही. पण लेविन यांचीच दुसरी विद्यार्थिनी मारिया ओव्हसियांकिना यांनी १९२८ मध्ये दाखवलेली गोष्ट जास्त पक्की ठरली: अर्धवट सुटलेल्या कामाकडे माणूस कुणी न सांगताही परत वळतो. तो ओढा मनात असतोच. रात्री अंथरुणावर पडल्यावर विम्याचा हप्ता, गॅसची नोंदणी, मावशीला करायचा राहिलेला फोन हे सगळं एकदम आठवतं, ते यामुळेच.

या ओढ्यावर उपाय काय, याचं एक सुंदर उत्तर २०११ मध्ये मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या दोघा संशोधकांनी दिलं. अर्धवट राहिलेलं उद्दिष्ट माणसाच्या दुसऱ्या कामात लुडबूड करतं, हे त्यांनाही दिसलं. मात्र ते काम केव्हा, कुठे, कसं करायचं याचा नेमका बेत ज्यांच्याकडून आखून घेतला, त्यांच्या बाबतीत ही लुडबूड थांबली. काम झालेलं नव्हतं, नुसता बेत झाला होता. मनाला तेवढं पुरलं. डेव्हिड ॲलन यांचं २००१ मधलं ‘गेटिंग थिंग्ज डन’ हे पुस्तक जगभर चाललं, त्याचा गाभाही हाच आहे. डोक्यातलं सगळं कागदावर उतरवा आणि प्रत्येक कामापुढे त्याची पुढची प्रत्यक्ष कृती लिहा.

यातला ‘प्रत्यक्ष’ हा भाग बहुतेक जण गाळतात. यादीत लिहिलेलं असतं, ‘जमिनीचं बघणे’. हे काम नव्हे, ही काळजी आहे. ती वहीत लिहिल्याने फक्त डोक्यातून वहीत जाते आणि वही उघडावीशी वाटत नाही. ‘मंगळवारी सकाळी अकराच्या आत तलाठी कार्यालयात जाऊन फेरफाराची नक्कल मागणे’ हे काम आहे. ते लिहिणाऱ्याला कुठे जायचं, कधी जायचं आणि काय मागायचं हे कळतं. वहीत दहा काळज्या असतील, तर त्या एका बैठकीत दहा कृतींमध्ये बदलाव्यात. एवढंच केलं तरी झोपेत फरक पडतो, हे मी खात्रीने सांगतो. त्यासाठी कुठलंही ॲप लागत नाही. शंभर पानी वही आणि पेन पुरे.

खरी अडचण पुढे येते. लिहायची सवय लागली की यादी वाढत जाते. लिहिणं सोपं असतं, आणि लिहिलं की ते काम आपण स्वीकारलं असा अर्थ आपोआप होतो. इथे एक साधं गणित आड येतं. अमेरिकन संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगांच्या शास्त्रातला एक नियम सिद्ध केला. दीर्घकाळ सारख्या गतीने चालणाऱ्या कुठल्याही व्यवस्थेत, आत असलेल्या कामांची सरासरी संख्या भागिले बाहेर पडण्याचा वेग म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी काळ. कारखान्याला, बँकेतल्या रांगेला आणि माणसाच्या टेबलालाही तो लागू पडतो. आठवड्याला तुमच्या हातून चार कामं पुरी होत असतील आणि हातात वीस असतील, तर प्रत्येक काम सरासरी पाच आठवडे पडून राहणार. हातात आठच ठेवलीत, तर दोन आठवडे. वेग तोच, मेहनत तीच. हाती घेतलेल्या कामांची संख्या कमी केली, इतकंच.

आणखी एक हिशेब करून बघा. दहा-दहा दिवसांची तीन कामं आहेत. एक पुरं करून दुसरं घेतलं, तर ती दहाव्या, विसाव्या आणि तिसाव्या दिवशी संपतात. कुणालाच नाराज करायचं नाही म्हणून आज याचं, उद्या त्याचं, परवा तिसऱ्याचं असं फिरत राहिलात, तर ती अठ्ठाविसाव्या, एकोणतिसाव्या आणि तिसाव्या दिवशी संपतात. तिसऱ्या माणसाला काहीच फायदा झाला नाही, आणि पहिल्या दोघांना विनाकारण थांबावं लागलं. एका कामातून दुसऱ्यात शिरताना मन काही काळ मागेच रेंगाळतं, हे सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये प्रयोगांनी दाखवलं आहे. त्याचा भुर्दंड या हिशेबात धरलेलाच नाही. तो धरला, तर तिसरं कामही तिसाव्या दिवशी संपत नाही. सगळ्यांचं थोडं थोडं करणारा माणूस सगळ्यांना उशीर करतो.

त्यातून अंदाज चुकतात. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी कॅनडातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर होतं ३३.९ दिवस. सगळं शक्य तेवढं वाईट घडलं तर? ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणजे सगळ्यात वाईट अंदाजसुद्धा भाबडाच निघाला. दिवसाच्या यादीत आठ कामं लिहिणारा माणूस आळशी नसतो, तो हीच चूक रोज करत असतो. संध्याकाळी पाच उरतात, तो स्वतःला दोष देतो, आणि काही दिवसांनी वही उघडायचंच बंद करतो. म्हणून माझं ठाम मत आहे, की दिवसाच्या यादीत तीनापेक्षा जास्त कामं लिहू नयेत. बाकीची मागच्या पानांवर असोत, त्यांना तिथे सुखाने राहू द्यावं.

अंदाज चुकणं नेहमीच वाईट असतं असं मात्र नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाच्या संपादनात गुंतले असताना त्याला जोडायच्या प्रस्तावनेतून धर्मशास्त्राच्या इतिहासाची कल्पना पुढे आली. त्याचा पहिला खंड १९३० मध्ये निघाला. पाचव्या खंडाचा शेवटचा भाग १९६२ मध्ये बाहेर पडला, तेव्हा काणे ब्याऐंशी वर्षांचे होते आणि एकूण मजकूर साडेसहा हजार पानांच्या वर गेला होता. मधल्या काळात त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली, मुंबई विद्यापीठाचं कुलगुरुपद सांभाळलं, राज्यसभेत काम केलं. पोटाच्या दुखण्यानेही त्यांना छळलं. तरी काम सुटलं नाही. हे उदाहरण वेगाचं नाही. बत्तीस वर्षं एक काम ‘हातातलं’ राहू शकलं, कारण त्या पातळीवरचं दुसरं त्यांनी हाती घेतलं नाही. आपल्यापैकी कुणी काणे होणार नाही. पण वर्षाला एक मोठं काम, ही मर्यादा कुणालाही घालून घेता येते.

आता व्यत्ययांकडे येतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ग्लोरिया मार्क यांनी लोक पडद्यासमोर काम करताना लक्ष किती वेळ एका जागी टिकतं, हे वर्षानुवर्षं मोजलं. २००४ मध्ये सरासरी अडीच मिनिटं होती. २०१२ च्या सुमारास ७५ सेकंद, आणि अलीकडच्या काही वर्षांत ४७ सेकंद. त्यांच्याच अभ्यासातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे: व्यत्ययांपैकी जवळजवळ निम्मे बाहेरून येत नाहीत. कुणी हाक मारलेली नसते, फोन वाजलेला नसतो, माणूस स्वतःच काम सोडून दुसरीकडे वळतो. बाहेरच्या व्यत्ययांची सवय झालेल्या मनाला मग ती शांतताच सहन होत नाही. आणि २००८ च्या एका प्रयोगात त्यांना आढळलं, की व्यत्यय आलेल्या माणसांनी काम उलट लवकर उरकलं, पण ताण, घाई आणि वैताग यांची किंमत मोजून. ऑफिसातून घरी येणारा माणूस दमलेला का असतो, आणि दिवसभरात काय केलं हे त्याला सांगता का येत नाही, याचं उत्तर बरंचसं यात आहे.

यात फोनचा दोष मोठा आहे आणि तो सौम्य शब्दांत सांगायचं कारण नाही. तळ नसलेलं पान, म्हणजे कितीही सरकवलं तरी न संपणारी यादी, ही २००६ मधली रचना आहे. ती करणाऱ्या एझा रॅस्किन यांनी तिच्याबद्दल पुढे जाहीर खेद व्यक्त केला. हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच बजावलं होतं, की माहिती मुबलक झाली की अवधानाचा दुष्काळ पडतो. आज त्या दुष्काळावर जगातल्या मोठ्या कंपन्यांचा धंदा चालतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं, सगळ्या सूचना बंद करणं, पहाटेचा पहिला तास त्याला हात न लावणं हे उपाय साधे आहेत आणि ते करावेत. यापलीकडे फोनवर माझं फार म्हणणं नाही, कारण फोन हा निरोप्या आहे. निरोप पाठवणारी माणसं आहेत, आणि त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतल्या शिक्षकाचा दिवस घ्या. दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग. गुरुजी दुसरीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी समजावत आहेत. फोन थरथरतो. केंद्राच्या ग्रुपवर निरोप असतो: अमुक उपक्रमाची माहिती सोबतच्या लिंकवर तातडीने भरावी, फोटो टाकावेत, निरंक असल्यास तसंही कळवावं. थोड्या वेळाने तालुक्याच्या ग्रुपवर तोच निरोप, खाली ‘अद्याप माहिती न दिलेल्या शाळा’ अशी यादी आणि त्यात शाळेचं नाव. मुलं पाटीवर काहीतरी गिरवत बसतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं, की जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला जुंपू नये. कायदा करणाऱ्यांनी शिक्षकाची हजेरी वाचवायचा विचार केला. वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाचं लक्ष लिंकपायी निघून जातं, त्याला कुठलंच कलम लागू होत नाही.

या शिक्षकाला तुम्ही कुठली पद्धत शिकवणार? इटलीतल्या फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी विद्यार्थिदशेत टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून पंचवीस मिनिटं एकाग्र राहायची युक्ती काढली. ती चांगली आहे, पण तिला एक अट आहे: ती पंचवीस मिनिटं तुमची असली पाहिजेत. तालुक्याचा निरोप पंचविसाव्या मिनिटापर्यंत थांबत नाही. या शिक्षकाला शिस्तीवरचं व्याख्यान देणं हा अन्याय आहे. त्याला हवं आहे ते एवढंच, की माहितीची मागणी दिवसातून एकदा, शाळा सुटल्यावर यावी आणि तिला दोन दिवसांची मुदत असावी. हे ठरवणं त्याच्या हातात नाही, अधिकाऱ्याच्या हातात आहे. कामाची व्यवस्था ‘व्यक्तिगत’ आहे असं म्हणत राहिलं, की अधिकाऱ्याची जबाबदारी अलगद शिक्षकाच्या वहीत जाऊन पडते.

दिवसाचे तास वाढवणं हा यावरचा उपाय म्हणून सांगितला जातो. २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं, त्यावर देशभर चर्चा झाली. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कॅव्हेल यांनी पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांतल्या कामगारांच्या जुन्या नोंदी तपासल्या आहेत. आठवड्याला साधारण ५० तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढत होतं, त्यापुढे वाढ मंदावत गेली, आणि ७० तासांचं उत्पादन ५६ तासांच्या उत्पादनाहून फारसं वेगळं नव्हतं. युद्ध चालू होतं, देशाला गोळे हवे होते, तरी हे घडलं. ज्या कामात हात चालतात त्यात ही गत, तर ज्यात डोकं चालावं लागतं त्यात काय होत असेल?

काही देशांनी या प्रश्नाला कायद्याने हात घातला. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२४ पासून मान्य झाला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये अशाच आशयाचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. त्याचा कायदा झालेला नाही. पण कायद्याची वाट न पाहताही एखाद्या कार्यालयाला, शाळेला, दुकानाला हे आपापसांत ठरवता येतं.

ठरवत का नाही? भिडेमुळे. आपल्या समाजात बोलावल्याबरोबर धावून जाणं हा सद्गुण आहे, आणि तो खोटा नाही. मध्यरात्री दवाखान्यात न्यायची वेळ येते तेव्हा शेजाऱ्याचं दार वाजवता येतं, ही आपली मोठी संपत्ती आहे. दार लावून बसणाऱ्याला आपण माणूसघाणा म्हणतो, तेही त्यामुळेच. ज्यांनी ही पद्धतीची पुस्तकं लिहिली त्यांच्या समाजात ही भीड इतकी दाट नाही, म्हणून ती पुस्तकं जशीच्या तशी आपल्या घरात चालत नाहीत. ‘नाही म्हणायला शिका’ हा त्यांचा सल्ला आपल्याकडे सासऱ्यांना, साहेबांना, सोसायटीच्या अध्यक्षांना, लग्नपत्रिका घेऊन आलेल्या आत्यांना सांगून बघा.

पण धावून जाण्याचा हा सद्गुण ज्या प्रसंगांसाठी होता, ते प्रसंग आणि आजचे निरोप यांत अंतर पडलं आहे. २०१४ च्या नोव्हेंबरात व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा आल्या आणि ‘वाचलंस, तरी उत्तर दिलं नाहीस’ हा नवा रुसवा जन्माला आला. सुप्रभातच्या चित्राला आणि दवाखान्यातल्या निरोपाला एकच घंटा वाजते. गांधीजींचा दुसरा अपवाद इथे उपयोगी पडतो: आजाऱ्यासाठी मौन मोडेन. म्हणजे आपल्या माणसांना आधीच सांगून ठेवायचं, की सकाळी सात ते नऊ मी कामात असतो, निरोपांना उत्तर साडेनऊनंतर मिळेल, पण अडचण असेल तर सरळ फोन करा, लगोलग दोनदा केलात तर मी उचलेनच. यात नकार कुणालाच नाही. वेळ सांगितली आहे आणि वाट मोकळी ठेवली आहे. बहुतेक माणसं एकदा सांगितलं की सांभाळतात. न सांगता फोन बंद ठेवला तर मात्र त्यांना लागतं, आणि ते लागणं रास्त असतं.

माझ्या मते चांगल्या व्यवस्थेचा कस इथेच लागतो. तुमच्या निवांत तासाची खबर तुमच्या घरच्यांना, सहकाऱ्यांना, मित्रांना आहे का? नसेल, तर तो तास अजून तुमचा झालेला नाही. वही, यादी, घड्याळ हे सगळं त्यानंतरचं.

आणि या तासाची चर्चा करताना एक गोष्ट विचारलीच पाहिजे, जी या विषयावरची पुस्तकं सहसा विचारत नाहीत. तुम्ही दार लावून बसता, तेव्हा दाराबाहेर कोण असतं?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरचं बिनमोबदला काम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. त्याआधीच्या, २०१९ च्या पाहणीत हे आकडे २९९ आणि ९७ होते. ही सरासरी ते काम करणाऱ्यांपुरतीच आहे. २०१९ मध्ये दिवसभरात घरकामाला हात लावलेल्या पुरुषांचं प्रमाणच सुमारे २६ टक्के होतं. पाच वर्षांत बाईच्या वाट्याचे रोजचे पावणेपाच-पाच तास दहा मिनिटांनी कमी झाले, आणि पुरुषाचा वाटाही जवळजवळ तितकाच घटला.

मिनिटांच्या या आकड्यांत एक गोष्ट मोजली जात नाही. बाईचे ते तास सलग नसतात. दूध तापत ठेवून डबा भरायचा, डबा भरता भरता कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, तेवढ्यात सासूबाईंची गोळी, पाणी आलं म्हणून मोटर, दारात इस्त्रीवाला, आणि ‘आई, माझी निळी वही कुठंय?’ हा प्रश्न, जो घरात चार माणसं असली तरी एकीलाच विचारला जातो. कुणाचं लसीकरण कधी, कुणाच्या घरी काय आहेर द्यायचा, तेल कधी संपणार, ही घरभराची यादी तिच्या डोक्यात असते आणि तिला कुठल्या ॲपचं नाव नसतं. मार्क यांची ४७ सेकंदं पडद्यासमोर बसणाऱ्यांची आहेत. ओट्याजवळ उभं राहून कुणी मोजलेलं नाही. नवऱ्याचा सकाळचा एकाग्र तास बहुतेक घरांत या तुकड्यांतून विणलेला असतो. त्याच्या वाटेचे व्यत्यय तिने अंगावर घेतलेले असतात. व्यत्यय नाहीसा झालेला नसतो, त्याचा पत्ता बदललेला असतो.

म्हणून एकाग्रतेचा विषय निघाला की मला नुसत्या शिस्तीच्या गोष्टी अपुऱ्या वाटतात. एकाच घरात एकाला सलग दोन तास मिळतात आणि दुसरीला दहा मिनिटं मिळत नाहीत, हा स्वभावातला फरक नाही, वाटणीतला आहे. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलासाठी सारं घर टीव्हीचा आवाज बारीक करतं. बी. एड.चा, बँकेच्या परीक्षेचा किंवा पीएचडीचा अभ्यास करणाऱ्या सुनेने तेच मागितलं, तर घरात कुजबुज होते. मुलासाठी आवाज बारीक करता येतो, याचा अर्थ घराला ते जमतं. प्रश्न कुणासाठी, एवढाच आहे.

यावर कुणी म्हणेल, इतका हिशेब घरात कशाला? घर काय कचेरी आहे? माझं उत्तर असं, की हिशेब आजही आहेच, फक्त तो एकीच्या डोक्यात आहे. तो भिंतीवर आला की निम्मी कामं इतरांना प्रथमच दिसतात. ‘सांगितलं असतंस तर केलं असतं’ हे वाक्य बोलणाऱ्या माणसाला, सांगणं हेसुद्धा काम आहे हे तोवर माहीत नसतं. शिवाय हिशेबाला भिणाऱ्यांनी एवढं पाहावं, की घरातलं प्रेम हिशेबाने आटत नाही. न बोललेल्या हिशेबाने मात्र वर्षानुवर्षं मनं कडवट झालेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

तेव्हा हा लेख वाचून कुणी नवी वही आणणार असेल, तर जरूर आणावी. काळज्यांच्या जागी कृती लिहाव्यात, दिवसाला तीन कामं, फोन दुसऱ्या खोलीत. पण वहीच्या पहिल्या पानावर स्वतःचं काम लिहिण्याआधी घरातल्या त्या बाईला विचारा, की दिवसातला कुठला तास तुला हवा आहे आणि त्यात तुला काय करायचं आहे. ती बहुधा म्हणेल, ‘मला कशाला?’ तेवढ्यावर उठू नका, पुन्हा विचारा. तास ठरला की तो घरातल्या सगळ्यांना सांगा, मुलांनाही आणि सासूबाईंनाही. निळी वही कुठे असते ते त्याआधी शिकून घ्या, आणि त्या तासात दार वाजलं तर तुम्ही उघडा.